पाटी नसलेली लढाई



इंदुरात १८५७ च्या खुणा शोधायला फार चालावे लागत नाही. एम. वाय. हॉस्पिटलच्या आवारात अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांचे स्मारक आहे. १० फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना तिथल्या कडुनिंबावर फाशी दिले. रेसिडेन्सीच्या बाजूला सआदत खान यांची खूण. होळकरांच्याच नोकरीतल्या या माणसाने १ जुलै १८५७ ला रेसिडेन्सीवर हल्ला चढवला आणि कर्नल ड्युरँडला सिहोरकडे निघून जावे लागले. खानांना फासावर चढवायला इंग्रजांना पुढे सतरा वर्षे लागली.

पाटीवर नाव, तारीख आणि हौतात्म्य एवढे मावते. मुळात रेसिडेन्सी इथे आली कशी, हे मावत नाही. माझा व्यवसाय होमिओपॅथीचा. रुग्ण आजचे दुखणे सांगतो आणि आम्ही विचारतो, त्याच्या आधी काय झाले होते? त्याच सवयीने थोडे मागे जाऊ.

रेसिडेन्सी आली ती महिदपूरच्या पराभवामुळे. २१ डिसेंबर १८१७, क्षिप्रेचा काठ. महाराज मल्हारराव अकरा वर्षांचे. आदल्याच दिवशी छावणीतल्या आपल्याच लोकांनी तुळसाबाईंचा शिरच्छेद केलेला. तरी होळकरी तोफांनी हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजेचे पावणेआठशेच्या घरात लोक मारले वा जायबंदी केले. मग ६ जानेवारी १८१८ चा मंदसोरचा तह, आणि राजधानी इंदुरात. इथे बसलेल्या कित्येक घराण्यांची दप्तरातली, खासगीतली, फौजेतली नोकरी या शहराशी बांधली गेली ती त्यानंतर. आपले इंदूर असे एका हरलेल्या लढाईतून राजधानी झाले.

पण होळकर तेव्हा इतके एकटे का पडले होते? आणखी सोळा वर्षे मागे जावे लागते.

एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्याच वर्षी पावसाळ्यात यशवंतराव उज्जैनवर चालून गेले, शिंद्यांची पलटणे मोडली आणि शहराकडून जबर खंडणी वसूल केली. उज्जैनचे रहिवासी काही परके नव्हते. त्याचा सूड म्हणून दौलतरावांनी आपले सासरे सर्जेराव घाटगे यांना धाडले. हे कागलचे घाटगे. पुण्याच्या सावकारांकडून पैसा कसा काढला याची त्यांची कीर्ती आधीच पसरली होती. ऑक्टोबरात इंदुराजवळ लढाई झाली, यशवंतराव हरले, तोफखाना गेला. मग फौज शहरात शिरली. इंदूर लुटले गेले, राजवाडा जळाला. आज आपण ज्या राजवाड्यासमोर उभे राहून फोटो काढतो, तो पुढे तात्या जोगांनी उभारलेला आणि १९८४ च्या आगीनंतर पुन्हा डागडुजी केलेला.

हिशेब तिथे मिटला नाही. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतरावांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे या दोघांच्या फौजा उधळल्या. बाजीराव वसईला पळाले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसले. पुढचे सगळ्यांना पाठ आहे.

या १८०१ ची पाटी राजवाड्याच्या चौकात माझ्या तरी पाहण्यात नाही. पराभवाची लाज वाटते म्हणावे, तर पानिपतावर काला आंब येथे आपण स्तंभ उभारला आहे आणि तिथे जाऊन डोळेही पुसतो. मला वाटते, अडचण वेगळी आहे. तिथे मारणारा परका होता. इथे लुटणारा मराठी बोलत होता आणि ज्याचे घर लुटले तोही आपलाच. अशा पाटीवर हुतात्मा कोणाला म्हणायचे?

कोणाला म्हणू नये. मंडळाने पालिकेकडे अर्ज करावा, राजवाड्यासमोर लहानसा दगड मागावा. मजकूर मराठीत आणि हिंदीत दोन ओळींचा पुरे: ऑक्टोबर १८०१ मध्ये दौलतराव शिंदे यांच्या फौजेने हे शहर लुटले व हा वाडा जाळला, त्याआधी यशवंतराव होळकरांनी उज्जैनवर स्वारी करून खंडणी घेतली होती. दुसरी ओळ आपल्यातलेच काही जण गाळायला सांगतील. ती गाळायची असेल, तर पहिलीही कोरू नये.