विमानाची शाळा निवडताना: बेसी कोलमन आणि तिच्या मागून आलेले

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांनी फोन करून विचारलं, ‘तुम्ही कधीपासून विमानात शिरलात?’ तर ते आधी सांगतो.

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. मुलगी नुकतीच बारावी झाली. एका रविवारी ती आणि तिचे वडील चार फ्लाइंग स्कूलची माहितीपत्रकं घेऊन खाली आले. ‘काका, यातली कुठली निवडू?’ आम्ही आयुष्यभर कांट शिकवला, सायकलवरून दोनदा पडलो, एवढाच आमचा गतीशी संबंध. पण आमचा एक विद्यार्थी तत्त्वज्ञान सोडून वैमानिक झाला (आणि त्याचं भलं झालं), त्याला फोन लावला. त्यानं भराभर सांगितलं. फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. डोळ्यांत किंवा कानांत काही निघालं तर पुढचं सगळं व्यर्थ. शाळेकडे विमानं किती हे विचारू नका, आज उडण्याजोगी किती आहेत ते विचारा. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला दोनशे तास उड्डाण लागतं. तेवढे तास मागच्या मुलांचे किती महिन्यांत भरले ते बघा. सगळे पैसे एकदम देऊ नका. आणि स्वतः जाऊन या, फोटोवर जाऊ नका.

मुलीनं वहीत सगळं लिहून घेतलं. उठता उठता म्हणाली, ‘पूर्वी लोक कशी निवडायचे हो?’ वडिलांना जिना चढायची घाई होती. आम्हाला मात्र तो प्रश्न चिकटला.

निवड हा शब्द आम्ही वर्गात पुष्कळ वापरला. चार वस्तू समोर आहेत, मी त्यातली एक उचलतो, असं चित्र त्यात गृहीत असतं. पण चारही दुकानांनी दार लावून घेतलं असेल तर? त्या माणसानं निवड केली असं म्हणायचं का? हा प्रश्न पुस्तकात सुटत नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या शिकागोत जाऊ.

बेसी कोलमन. जन्म २६ जानेवारी १८९२, टेक्सासमधल्या अटलांटा नावाच्या लहान गावी; जॉर्जियातलं मोठं अटलांटा वेगळं. तेरा भावंडांतली दहावी. कापूस वेचणारं, काळ्या लोकांचं घर. वडिलांच्या घराण्यात मूळ अमेरिकन रक्तही होतं. तेविसाव्या वर्षाच्या सुमारास ती शिकागोला भावांकडे आली आणि एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखं नीट करून देण्याचं काम करू लागली. भाऊ जॉन पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला होता. तो तिला चिडवायचा की तिकडच्या बायका विमानं चालवतात, तुम्हाला कुठलं जमायला! चिडवण्याचा असा परिणाम होतो.

तिनं अमेरिकेतल्या शाळांकडे विचारणा केली. सगळीकडून नकार. एक तर बाई, त्यात काळी. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी अमेरिकेत विमान चालवायला केंद्र सरकारचा परवाना लागतच नव्हता. तो कायदा मे १९२६ मध्ये आला. म्हणजे कायदा तिच्या आड येत नव्हता. आड येत होते शिकवणारे. एखाद्या पुस्तकावर बंदी असणं वेगळं आणि ते पुस्तक वाचायला शिकवणारा एकही मास्तर न मिळणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराची नोंद कुठल्या कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, म्हणून इतिहासकारांच्या नजरेतून तो सुटतो.

‘शिकागो डिफेंडर’ हे काळ्या वाचकांचं मोठं वर्तमानपत्र. त्याचे संपादक रॉबर्ट ॲबट यांनी तिला सल्ला दिला: फ्रेंच शीक आणि फ्रान्सला जा. सल्ला हवेतला नव्हता. यूजीन बुलार्ड नावाचा काळा अमेरिकन १९१७ साली फ्रान्ससाठी वैमानिक झाला होता. बेसीनं शिकागोत फ्रेंचचे वर्ग लावले, नोकरी बदलून जास्त पैसे साठवले, काही मदत मिळवली आणि नोव्हेंबर १९२० मध्ये न्यूयॉर्कहून बोट धरली.

फ्रान्समध्ये पोचल्यावरही पहिल्या शाळेनं तिला घेतलं नाही. तिथे त्या आधी दोन स्त्रिया अपघातात गेल्या होत्या, म्हणून बायकांना शिकवणं बंद. हे कारण आम्हाला फार बोलकं वाटतं. शाळा वाईट हेतूची होती असं नव्हे. पण पुरुष विद्यार्थी अपघातात गेला म्हणून पुरुषांना शिकवणं बंद केल्याचं आम्ही तरी कुठे वाचलेलं नाही.

मग ती उत्तरेला, सोम नदीच्या मुखाशी ल क्रोत्वा या समुद्रकाठच्या गावी गेली. तिथे कोद्रों बंधूंची शाळा होती. गास्तों आणि रने हे दोघे भाऊ विमानं बांधणारे. गास्तों १९१५ मध्येच वारला होता, पण शाळेचं नाव होतं. शिकायचं विमान न्यूपोर, दोन पंखांचं, लाकूड आणि कापडाचं. ब्रेक नाहीत. हातात एक दांडा, पायाखाली एक आडवी पट्टी, एवढ्यावर सगळं सांभाळायचं. प्रत्येक उड्डाणाआधी विमान कुठे ढिलं झालंय का, हे तपासायचं. शिकत असताना सोबतचा एक विद्यार्थी तिच्या डोळ्यांदेखत मेला. ती थांबली नाही. सात महिन्यांत शिक्षण संपलं आणि १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. त्यावर तिचं जन्मसाल १८९६ लिहिलंय, म्हणजे बाईंनी चार वर्षं हळूच कमी केली होती. तेवढं चालायचंच.

आपल्याला इथे आनंदीबाई जोशी आठवणार हे उघड आहे. १८८३ साली श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून, आपण अमेरिकेला का जातो, याची कारणं त्यांनी सांगितली होती. शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, यात दोघी सारख्या. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, १८८७ मध्ये गेल्या. बेसीलाही फार वर्षं मिळाली नाहीत, पण तिची गोष्ट तिथे संपत नाही.

१९२१ च्या सप्टेंबरात ती परतली तेव्हा स्वागत झालं, फोटो झाले. पण पोट भरायचं तर हवाई कसरती कराव्या लागणार आणि त्या शिकवायला अमेरिकेत पुन्हा कोणी तयार नाही. म्हणून १९२२ मध्ये ती परत युरोपला गेली! त्याच वर्षी ३ सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळ तिचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पुढची वर्षं ती गावोगाव उडत आणि व्याख्यानं देत फिरली, ती एका हेतूनं: काळ्या मुलामुलींसाठी स्वतःची शाळा काढायची. ३० एप्रिल १९२६ ला फ्लोरिडात, जॅक्सनव्हिलला, दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची पाहणी करताना विमान उलटलं. चालवत होता तिचा मेकॅनिक विल्यम विल्स. खाली नीट बघता यावं म्हणून तिनं पट्टा बांधला नव्हता. ती बाहेर फेकली गेली. विल्सही वाचला नाही. राहिलेला एक पाना यंत्रणेत अडकला होता. वय चौतीस. शाळा निघाली नव्हती.

आता पुढच्यांकडे बघा. पेनसिल्वेनियातल्या आल्फ्रेड अँडरसनला शाळांनी नाकारलं, तर त्यानं उसने पैसे घेऊन विमानच विकत घेतलं! ज्यांना उडता येतं पण विमान नाही, अशांना आपलं विमान देऊन त्यांच्याकडून शिकायचं. १९२९ मध्ये परवाना मिळवला. पुढे अर्न्स्ट ब्यूल या जर्मनीहून आलेल्या वैमानिकानं त्याला हाताशी धरलं आणि १९३२ मध्ये तो व्यावसायिक वैमानिक झाला.

शिकागोत कॉर्नेलियस कॉफी आणि जॉन रॉबिन्सन हे दोघे मोटार मेकॅनिक. त्यांनी कर्टिस-राइट कंपनीच्या शाळेत टपालानं अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. टपालातून रंग दिसत नाही. प्रत्यक्ष गेले तेव्हा शाळेनं हात झटकले. कोर्टात खेचण्याची तयारी दिसल्यावर शाळा नमली. दोघे १९३१ मध्ये शिकून बाहेर पडले आणि गंमत म्हणजे त्याच शाळेनं मग काळ्या विद्यार्थ्यांचा वर्ग त्यांच्याकडे सोपवला. विद्यार्थी नको होते, ते शिक्षक म्हणून चालले. पुढे कॉफी आणि विला ब्राउन यांनी शिकागोजवळच्या हार्लेम विमानतळावर आपली शाळा चालवली आणि तिथून शिकलेले काहीजण टस्कीगीला गेले. तिथे महायुद्धात काळ्या लढाऊ वैमानिकांना तयार करणारा मुख्य शिक्षक कोण? तोच अँडरसन. लॉस एंजेलिसमध्ये विल्यम पॉवेलनं १९२९ मध्येच ‘बेसी कोलमन एरो क्लब’ काढला होता.

त्याच १९२९ मध्ये, १० फेब्रुवारीला, आपल्या मुंबईत जे.आर.डी. टाटांना परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला. ते बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकले. क्लब निघाला आणि ते तिथे गेले, इतकं सरळ. त्यांनाही विमानाचं वेड लागलं ते फ्रान्सच्या त्याच किनाऱ्यावर. लहानपणी सुट्टीत ते आर्दलोला जात आणि तिथे ब्लेरिओंची विमानं बघत. आर्दलो आणि ल क्रोत्वा यांत पन्नासेक किलोमीटर अंतर. एकाला तिथे सुट्टीत विमान दिसलं, दुसरीला ते शिकायला महासागर ओलांडून यावं लागलं. यात टाटांचं काही उणं होत नाही. पण निवड हा शब्द दोघांना सारखाच लावायचा का, हे तुम्ही ठरवा.

वरच्या मजल्यावरची मुलगी परवा मेडिकल करून आली, सगळं ठीक आहे. आता वडिलांबरोबर दोन शाळा बघायला निघालीय. तिच्या यादीत आम्ही आमचा एक प्रश्न घातला: इथून शिकून गेलेल्या मुली किती, त्या आज कुठे आहेत, आणि त्यांच्यापैकी दोघींशी बोलता येईल का? उत्तर द्यायला कोणती शाळा किती वेळ घेते, तेही लिहून आण म्हटलं.

बरं, मागच्या रांगेतून कोणीतरी हात वर केला होता. विचारा.