चिकुनगुन्या
एडिस डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य ताप. टोगाव्हिरिडी कुलातील अल्फाव्हायरस प्रजातीचा विषाणू त्यास कारणीभूत असतो. १९५२ मध्ये टांगानिकातील (आताचे टांझानिया) माकोंडे पठारावर तो प्रथम आढळला. माकोंडे भाषेतील या नावातून तीव्र सांधेदुखीने वाकलेला रुग्ण सूचित होतो. भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात व १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत साथ आली. सुमारे तीन दशकांनंतर, २००५-०६ मध्ये आफ्रिकी वंशाच्या विषाणूची मोठी साथ पसरली.

प्रसाराचे रूप प्रदेशानुसार बदलते. पाणीटंचाईच्या भागांत रांजण, हौद व पिंपांतील साठवणीच्या पाण्यात एडिस इजिप्ती वाढतो. केरळच्या रबरमळ्यांत चीक धरण्याच्या वाट्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात एडिस अल्बोपिक्टस वाढतो.