रहीमसाहेबांचे हैदराबाद आणि आपण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी साऱ्या मराठवाड्याबरोबर मुखेडही हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. संघाचे प्रशिक्षक मात्र हैदराबादचे होते, पेशाने शाळामास्तर: सय्यद अब्दुल रहीम. महिनाभर आधी हे यश आले असते तर मुखेडकरांना ‘आमच्या राज्याचा माणूस’ असे म्हणता आले असते!

मराठवाड्याचा इतिहास लिहिताना हैदराबाद येते ते निजाम, रझाकार आणि मुक्तिसंग्राम यांच्या संदर्भात. ते योग्यच आहे. त्या काळाने आपल्या गावोगावच्या घरांवर घाव घातलेले आहेत. पण त्याच शहरात, त्याच वर्षांत, पोरांना चेंडू शिकवण्याची एक पद्धत आकाराला येत होती. तिची नोंद आपण केली नाही.

रहीम यांचा जन्म १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, स्वतः खेळले, मग शाळांमध्ये शिकवू लागले. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाताखाली आला. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला. बडे संघ कलकत्त्याचे आणि चषक मात्र हैदराबादच्या पोलिसांकडे, हे तेव्हा मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले.

चषकांची यादी सगळीकडे मिळते. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी लहान मुलांसाठी काय केले ते. हैदराबादी पोरांना चेंडू पायाशी खेळवत एकट्याने पुढे घुसण्याचा मोठा नाद. रहीम यांनी त्यावर व्याख्यान झोडले नाही, स्पर्धाच वेगळ्या भरवल्या. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत नेण्यास मनाई. आला की सोबत्याकडे द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचे, म्हणजे बहुतेकांनी डाव्याने. तिसरी ठरावीक उंचीच्या आतल्या मुलांची, म्हणजे दांडगट पोरांपुढे किरकोळ अंगाच्या पोराचे कसब दडपले जाऊ नये. यातली मास्तरकी पाहा. नियम बदलला की मूल आपोआप शिकते, त्याला ओरडावे लागत नाही. पाढे पाठ करून घेणाऱ्या माणसालाच हे सुचू शकते. शिवाय खर्च काय? एक चेंडू, मैदान, शिट्टी आणि संध्याकाळी तिथे हजर राहणारा माणूस.

तुलसीदास बलराम यांची हकीकत याच्या शेजारी ठेवावी. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा हा गरीब घरातला मुलगा. रहीम यांनी त्याचा खेळ हेरला आणि हैदराबादेत सरावाला बोलावले. रोज यायला पैसे नाहीत, असे पोराने सांगितले, तेव्हा सायकलच्या भाड्याची सोय रहीम यांनी स्वतः केली. बलराम पुढे ही आठवण कृतज्ञतेने सांगत. विशीत पोचलेला हा मुलगा १९५६ मध्ये मेलबर्नच्या संघात होता, आणि १९६२ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही. त्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. रहीम यांना तोवर कर्करोगाने गाठले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. आशियाई स्पर्धेचे फुटबॉल सुवर्ण त्यानंतर भारताला आजतागायत मिळालेले नाही.

मग हे सारे आपल्यापर्यंत का आले नाही? नांदेडहून सिकंदराबादला मीटरगेजची गाडी होती. आपल्याकडची हुशार मुले उस्मानियात शिकायला जात. पण रहीम यांची व्यवस्था शहराच्या बाहेर पडली नाही. ती जुळ्या शहरांतले मोहल्ले, शाळा आणि पोलीस दल यांच्यावर उभी होती. पोलिसात नोकरी म्हणजे पोराला भाकरीची हमी. त्या हमीशिवाय कोणता बाप मुलाला चेंडूमागे धाडील? मुखेड-कंधारच्या कोरडवाहू मुलखात तशी हमी देणारे कोणी नव्हते. निजामी राजवटीत राजधानीला मैदाने आणि जिल्ह्यांना वेठबिगार, ही वाटणी इथेही दिसते. त्यात सगळा दोष राजवटीचा आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १९५६ नंतर तर राज्य आपले होते.

दुसरी एक उणीव खुद्द रहीम यांच्या पद्धतीतली आहे. ती त्यांच्या अंगावर पेललेली होती. सचिव तेच, प्रशिक्षक तेच, पोरे हेरणारेही तेच. ते गेल्यावर त्या छोट्या छोट्या स्पर्धांची परंपरा त्याच जोमाने चालली नाही आणि हैदराबादचे फुटबॉल हळूहळू ओसरले. थोर गुरूच्या पश्चात गादी रिकामी राहावी, हा अनुभव आपल्याकडे गायकीपासून तालमीपर्यंत सगळीकडे आहे.

महाराष्ट्रात याच जातीचा माणूस पुढे नागपुरात दिसला. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी स्पर्धा भरवली. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे हे आता घरोघरी ठाऊक आहे. तिथेही सुरुवात स्पर्धेनेच झाली, आणि ती करणारा पुन्हा मास्तरच.

आमच्या शाळेत फुटबॉल एकच होता. तो कपाटात असे. पी.टी.च्या तासाला गणिताचे सर येत, आणि कपाटाची किल्ली कारकुनाकडे.