यंत्रात उरलेला खेळ

कापणी आटोपल्यावर शेतात जी चुकार कणसे मागे राहतात, त्यांना आपण सरवा म्हणतो. ती वेचणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतील शहरी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी असाच एक सरवा वेचला, पण तो शेतातला नव्हता. पिनबॉलच्या यंत्रांत आधीच्या खेळाडूने न खेळता सोडून दिलेले फुकट खेळ शोधीत ही मुले एका यंत्राकडून दुसऱ्याकडे हिंडत. गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु हा उरलेला खेळ म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर महापौर, विधिमंडळे आणि न्यायालये यांनी कित्येक वर्षे डोके खाजविले आहे.

पिनबॉलचे मूळ बागाटेल या फ्रेंच खेळात आहे. खिळे ठोकलेली लाकडी पाटी, तिच्यावर वाटोळी घरे आणि घरंगळणाऱ्या गोळ्या हा प्रकार आपल्याकडच्याही पुष्कळ घरांत मुलांच्या सुट्टीचा सोबती होता. तेव्हा वाचकांना त्याची निराळी ओळख नको. सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली या पाटीच्या सुधारणेचे पेटंट घेतले आणि गोळी ढकलणाऱ्या काठीच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या आला. पुढे १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र साडेसतरा डॉलरना बाजारात आणले. दिवस महामंदीचे होते. एका सेंटात काही गोळ्या उडवायला मिळत, आणि हाताला काम नसलेल्या माणसाला तेवढी करमणूक परवडत असे.

या खेळात पैशाचा शिरकाव व्हायला उशीर लागला नाही. १९३३ च्या सुमारास जिंकणाऱ्याच्या हाती थेट नाणी टाकणारी यंत्रे निघाली आणि पिनबॉलच्या कपाळी जुगाराचा शिक्का बसला. त्यावर उत्पादकांनी दशकाच्या मध्याला मोठी चतुर तोड काढली. जिंकणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, आणखी एक खेळ द्यायचा. बक्षीसही खेळच, मग जुगार कसला? ठरावीक गुण झाले की पुढे यंत्राच्या पेटीवर आतून एक दांडी आपटे, ‘ठक्’ असा मोठा आवाज होई आणि छोट्या खिडकीतला आकडा एकाने वाढे. तो ठोका सबंध दुकानाला ऐकू जाई. जिंकणाऱ्याला त्या आवाजाचे अप्रूप खेळापेक्षा काकणभर जास्तच असावे.

आता खेळ मागे का उरत, ते पाहू. १९७० च्या दशकात पुष्कळ ठिकाणी एक खेळ दहा सेंटांना आणि तीन खेळ पंचवीस सेंटांना मिळत. तीन घेणे फायद्याचे, म्हणून मुलगा पंचवीस सेंटांचे नाणे टाकी. दुसरा खेळ संपतो न संपतो तोच बस येई, नाहीतर जेवायला घरी पोचायची वेळ होई. निष्णात खेळाडूची तऱ्हा वेगळी. तो इतके खेळ जिंके की खेळून खेळून मनगटे दुखू लागत. मग उरलेले खेळ कुणाला स्वस्तात विकून किंवा तसेच टाकून तो निघून जाई. शिवाय खेळ संपताना यंत्र आपल्या मर्जीने एक अंक दाखवी. खेळाडूच्या गुणसंख्येच्या शेवटी तोच अंक असला तर एक खेळ फुकट. हरलेला खेळाडू चिडून आधीच पाठ फिरवून गेला असेल, तर ते दान मागून येणाऱ्याच्या पदरात पडे.

या हिशेबामागची यंत्ररचना पाहण्यासारखी आहे. जुन्या विद्युत-यांत्रिक पिनबॉलमध्ये स्मरणशक्ती म्हणून काही नव्हते. होते ते एक दातेरी चाक. खेळ जिंकला की विद्युतचुंबकाच्या झटक्याने ते एक दाता पुढे सरके, खेळ सुरू केला की एक दाता मागे येई. रात्री मालकाने दिवा विझवून वीज तोडली तरी चाक जागच्या जागी राही. म्हणूनच काल रात्री कुणी सोडलेला खेळ आज सकाळी पहिल्या येणाऱ्याला सापडे, आणि अनुभवी मुले दुकान उघडायच्या वेळी दाराशी हजर असत. मालक बिचारा एवढेच करू शके, की ठरावीक आकड्यापुढे चाक सरकणार नाही अशी खीळ घालून ठेवी.

परंतु चाकावरचा तो आकडा निरुपद्रवी राहिला नाही. ‘बिंगो’ प्रकारच्या यंत्रांवर फुकट खेळ शेकड्यांनी साठत. ते खेळत बसण्यात कुणाला रस नसे. दुकानदार गल्ल्यातून तितके पैसे मोजी आणि एक कळ दाबून आकडा शून्यावर आणी. १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोर्पान खटल्यात निर्णय दिला, की ज्या यंत्रावरील फुकट खेळांचे पैसे दिले जातात ते जुगाराचेच यंत्र होय आणि त्यावर वर्षाला अडीचशे डॉलरचा कर लागेल. हा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र काही राज्ये याच्याही पुढे गेली. पैसे दिले न दिले, फुकट खेळ हीच मुळी मूल्यवान वस्तू, असे त्यांनी ठरविले. विस्कॉन्सिनसारख्या राज्यांसाठी गॉटलिब कंपनीला १९६० पासून वेगळी यंत्रे बनवावी लागली. त्यांत बक्षीस म्हणून नवा खेळ नसे, चालू खेळातच एक जादा चेंडू मिळे. त्या यंत्रांत सरवा उरत नसे, कारण जादा चेंडू तिथल्या तिथे खेळून संपे.

न्यूयॉर्कने तर सारेच निकालात काढले. मुलांच्या खाऊचे पैसे ही यंत्रे लुबाडतात, अशी महापौर फिओरेलो ला गार्डिया यांची खात्री होती. जानेवारी १९४२ मध्ये बंदी आली. पोलिसांनी हजारो यंत्रे जप्त केली, घणाने फोडली. त्यांची तळमळ खोटी नव्हती. या धंद्यात गुंडांच्या टोळ्यांचा हात होताच. परंतु नदीतल्या मगरीसाठी नदीच आटवावी, असा हा उपाय होता. १९४७ साली ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर हॅरी मॅब्स यांनी फ्लिपर बसविले. चेंडूला परतवणारे हात खेळाडूला मिळाले, नशिबाचा खेळ कौशल्याचा झाला. कायदा मात्र तिथेच थांबून राहिला. बंदी उठायला आणखी एकोणतीस वर्षे लागली.

एप्रिल १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प या तरुण पत्रकाराने प्रत्यक्ष खेळून दाखविले. दोन यंत्रे आणली होती. पहिल्यात काही गोम असेल या संशयाने एका सदस्याने दुसऱ्यावर खेळायला सांगितले. शार्प यांनी दट्ट्या ओढण्याआधीच चेंडू मधल्या वाटेने जाईल असे सांगितले, आणि तो तसाच गेला. समितीने बंदी उठविण्याच्या बाजूने मत दिले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसची बंदी १९७४ सालीच रद्द केली होती.

त्यानंतर लवकरच व्हिडिओ खेळांचा पूर आला. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने चांगल्या खेळाडूला दुसरा खेळ द्यायची पद्धत ठेवली नाही, गुण वाढले की त्याच खेळात एक जादा तोफ मिळे. कुणी नाणे टाकून खेळ मागे सोडलाच, तर वीज गेली की बहुधा तोही पुसला जाई. आता तर मोठ्या खेळघरांतून कार्ड घासून खेळतात आणि उरलेली रक्कम धन्याच्या खिशातच परत जाते.

जुनी यंत्रे घरी जपणारे संग्राहक आजही आहेत. नाणी टाकण्याचा त्रास नको म्हणून ते चाकाच्या शून्यापाशी असलेली विजेची जोडणी कायमची जुळवून ठेवतात. मग आकडा काहीही असो, यंत्राला सदैव वाटत राहते की कुणीतरी एक खेळ मागे ठेवून गेला आहे.