आर्नोकाठची छत्री

फ्लॉरेन्सहून परत आलेली मंडळी घुमटाचे, डेव्हिडच्या पुतळ्याचे आणि जुन्या पुलावरच्या सोनारांच्या दुकानांचे फोटो दाखवतात. आम्हीही ते भरपूर काढले. पण बडोद्याच्या आम्हा मराठी मंडळींना या शहराची ओढ आणखी एका कारणाने होती. शहराच्या पश्चिम टोकाला, आर्नो नदीच्या काठी, एका मराठी राजाची छत्री उभी आहे. ती पाहायची हे निघतानाच ठरले होते. मात्र आधी शहर पाहिले हे बरे झाले. हे गाव आपल्या माणसांची आठवण कशी जपते ते कळल्यावर छत्रीचे मोल अधिक उमगले.

सुरुवात अर्थातच सांता मारिया देल फिओरे या मुख्य चर्चपासून. त्याचे काम १२९६ साली सुरू झाले. भिंती उभ्या राहिल्या, पण वरचे प्रचंड भगदाड झाकायचे कसे हे कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तो घुमट उभारला, तोही जमिनीपासून लाकडी सांगाड्याचा आधार न घेता. आत एक आणि बाहेर एक असे दोन घुमट त्याने एकत्र चढवत नेले आणि विटा आडव्या-उभ्या एकमेकींत अशा अडकवल्या की ओला थरही घसरू नये. चाळीस लाखांच्या आसपास विटा त्यात आहेत. ४६३ पायऱ्या चढून वर जाताना आपण याच दोन घुमटांमधल्या पोकळीतून जातो. गुडघे साथ देत असतील तर ही चढण चुकवू नये. समोरच्या बाप्तिस्तेरीचे सोनेरी दरवाजे घडवायला गिबेर्तीला १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे लागली. मूळ दरवाजे आता जवळच्या संग्रहालयात आहेत.

तिथून सिन्योरिया चौक हाकेच्या अंतरावर. मायकेलअँजेलोचा डेव्हिड १५०४ पासून याच चौकात उघड्यावर उभा होता. १८७३ साली तो अकादेमिया संग्रहालयात हलवला गेला. चौकात आज दिसते ती प्रतिकृती. शेजारची उफ्फिझी म्हणजे शब्दशः कचेऱ्या. मेदिची घराण्याच्या कारभारासाठी वसारीने १५६० पासून बांधायला घेतलेली ही इमारत पुढे जगातल्या थोर चित्रसंग्रहांपैकी एकाचे घर झाली. तो संग्रह शाबूत राहिला तो एका बाईच्या दूरदृष्टीमुळे. आन्ना मारिया लुइझा ही मेदिची घराण्याची शेवटची वारस. वंश संपणार हे दिसत असताना तिने १७३७ साली नव्या राज्यकर्त्यांशी करार केला, की घराण्याची चित्रे, पुतळे, ग्रंथ यांपैकी काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. ज्यांच्या वाडवडिलांच्या वस्तू वाटण्यांत विखुरल्या, त्यांना या कराराचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

सांता क्रोचे या चर्चमध्ये मात्र आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. मायकेलअँजेलो रोममध्ये वारला, पण त्याला आणून पुरले इथेच. गॅलिलिओ १६४२ मध्ये गेला तेव्हा धर्मसत्तेच्या रोषामुळे त्याला चर्चच्या मुख्य भागात जागा मिळाली नाही. ती मिळायला १७३७ साल उजाडले. आणि दान्तेची भव्य समाधी तर रिकामी आहे! या महाकवीला फ्लॉरेन्सने १३०२ साली हद्दपार केले. तो परत आलाच नाही. १३२१ साली रावेन्नात वारला आणि तिथेच राहिला. पुढे फ्लॉरेन्सने त्याच्या अस्थी अनेकदा मागितल्या, रावेन्नाने दिल्या नाहीत. आज त्याच्या रावेन्नातल्या समाधीवरच्या दिव्यासाठी फ्लॉरेन्स दर सप्टेंबरात तेल पाठवते. परगावच्या नंदादीपाला तेल घालून हे शहर आपली चूक फेडते आहे, असे आम्हाला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही छत्रीकडे निघालो. रेल्वे स्थानकाजवळून ट्रामने कॅसिने उद्यानाच्या तोंडाशी उतरायचे आणि मग नदी डाव्या हाताला ठेवून झाडांखालून पाऊण तास चालायचे. मेदिचींच्या काळात इथे गुरांचे गोठे आणि शिकारीची राने होती. उद्यान संपते तिथे मुग्नोने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर, चार खांबांवर पेललेल्या घुमटीखाली, फेटा आणि दागिने घातलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. शिवरायांचे धाकटे पुत्र राजाराम वेगळे. हे त्यांच्या कोल्हापूर गादीवर १८६६ साली दत्तक आलेले.

महाराज १८७० साली इंग्लंडला गेले. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. ती कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. पण छापलेले पुस्तक पाहायला महाराज नव्हते. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सच्या हॉटेलात त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे.

बरोबरच्या मंडळींवर काय प्रसंग ओढवला असेल! परका मुलुख, परकी भाषा, आणि अंत्यसंस्कार तर हिंदू रीतीने व्हायला हवा. इटलीत दहनाची रीत नव्हती. मिलानमध्ये पहिले आधुनिक दहन झाले तेच मुळी १८७६ साली. त्या काळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. सरकारदरबारी धावपळ झाली, परवानगी मिळाली आणि त्याच रात्री दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. पंचगंगेच्या काठी ज्याच्या पूर्वजांच्या छत्र्या आहेत, त्याला आर्नो-मुग्नोनेचा संगम लाभला. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, तिथे ही छत्री झाली. पुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आणि छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा.

हे नाव वाचून बडोदेकरांनी थांबायला हवे. कोल्हापूरचा नवा राजवाडा मँट यांचा, तसाच आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसचा मूळ आराखडाही त्यांचाच. मँट १८८१ साली वारले आणि राजवाडा चिझम यांनी पुरा केला. तो १८९० मध्ये. आणखी एक योग असा, की बडोद्याचे खंडेराव महाराज गेले ते २८ नोव्हेंबर १८७० रोजी, म्हणजे राजाराम महाराजांच्या केवळ दोन दिवस आधी. दोन मराठी गाद्या एकाच आठवड्यात रिकाम्या झाल्या. बडोद्यात १८७५ साली सयाजीराव आले, कोल्हापूरला १८८४ साली शाहू महाराज. दोघेही दत्तक, आणि दोघांनी पुढे काय केले ते आपण जाणतोच. राजाराम महाराजांचे नाव कोल्हापुरात राजाराम कॉलेजने जपले आहे.

ही देवघेव एकतर्फी नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची संगमरवरी समाधी आहे. ती फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवली आणि तिथला राजा तिसरा कोझिमो याने गोव्याला भेट दिली. १६९८ मध्ये ती उभी राहिली. म्हणजे फ्लॉरेन्सची एक समाधी आपल्या किनाऱ्यावर आहे आणि आपली एक छत्री त्यांच्या नदीकाठी.

आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिली. आपली माणसे विश्वामित्रीच्या काठी गेली आणि इथलीच झाली. म्हणून त्या छत्रीपुढे उभे राहताना, ती परक्या मुलुखात आहे असे आम्हाला वाटले नाही. कठड्याबाहेरून नमस्कार करून आम्ही बराच वेळ तिथेच बसलो. जवळून जाणाऱ्या मोठ्या पुलाला, १९७८ साली खुल्या झालेल्या त्या पुलाला, तिथले लोक 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे हिंदी माणसाचा पूल. महाराजांमुळे साऱ्या परिसरालाच ते नाव पडले आहे, पण तो माणूस कोण हे विचारले तर सगळ्यांना सांगता येतेच असे नाही.

कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका आजोबांनी आमच्याकडे पाहून हाताने खूण केली, तुमचे का हे? आम्ही मान हलवली आणि एकेक अक्षर सुटे करून नाव सांगितले. राजाराम. कोल्हापूर. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्यांदा बरोबर आले.