कारल्याचें पिटलै : तंजावराहून पिंपरीस

कडू कारलें तुपांत तळलें, साखरेंत घोळलें, तरी तें कडू तें कडूच, असा निवाडा मराठी म्हणीनें केव्हांच देऊन ठेवला आहे. म्हणीचा रोख माणसाच्या स्वभावावर आहे हें उघड आहे. परंतु दक्षिणेंतील सुगरणींनीं मात्र कडूपणाला दोष मानलेंच नाहीं. कडूपणा घालवावयाचा नसून त्यास योग्य सोबत द्यावयाची, अशी त्यांची रीत. ही रीत पिंपरी-चिंचवडच्या स्वयंपाकघरांत कशी आली, ही हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळीं या भागाची कीर्ति कारखान्यांसाठीं नव्हती. चिंचवड मोरया गोसावींच्या समाधीमुळें, आणि चाकण १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाविरुद्ध लढविलेल्या संग्रामदुर्गामुळें ओळखलें जाई. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढें आकुर्डीस बजाजच्या आणि पिंपरीस टेल्कोच्या वाहनांचे कारखाने आले. शतकाच्या अखेरीस हीच ओळ चाकणपर्यंत पोहोंचली. यंत्रांबरोबर माणसें आलीं, व त्यांत तामिळ, कानडी, तेलुगु, मलयाळी अशीं कुटुंबेंही होतीं. पिंपरीच्या औषधी कारखान्यांत हामायसिन या बुरशीनाशक औषधाचा शोध लावणारे शास्त्रज्ञ तिरुमलाचार हेही दक्षिणेकडचेच.

या कुटुंबांना पिंपरीच्या मंडईंत कारलें अनोळखी वाटण्याचें कारण नव्हतें. तामिळांचें पावक्काय, कानड्यांचें हागलकाई, तेलुगूंचें काकरकाय तें हेंच. मराठी घरांत त्याच्या काचऱ्या होत, भरलीं कारलीं होत, चिंचगुळाची आमटीवजा भाजीही होई. शेजारच्या तामिळ घरांतील पदार्थाचें नांव मात्र मराठी कानास चमत्कारिक रीतीनें ओळखीचें वाटे. तें नांव म्हणजे पिटलै.

पिटलै करण्याची रीत अशी. कारल्याच्या बिया काढून चकत्या कराव्या, मीठ व हळद लावून थोडा वेळ ठेवाव्या आणि पिळून घ्याव्या. मिठानें सुटणाऱ्या पाण्याबरोबर कांहीं कडूपणा निघून जातो. चकत्या चिंचेच्या कोळांत शिजवाव्या. तुरीची डाळ मात्र निराळी शिजवावी, कारण आंबटांत डाळ लवकर शिजत नाहीं. धने, हरभऱ्याची डाळ, सुक्या मिरच्या आणि ओलें खोबरें थोड्या तेलांत तांबूस परतून वाटावें. हें वाटण, शिजलेली डाळ आणि भिजवून उकडलेले हरभरे कारल्यांत घालून एक उकळी आणावी. शेवटीं मोहरी, हिंग व कढीलिंब यांची फोडणी द्यावी. कडू जिभेवर राहतें, पण एकटें राहत नाहीं. आंबट, तिखट आणि डाळीची मऊ गोडी त्याच्या दोन्ही बाजूंस उभी असते.

आतां नांवाचा विचार करूं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलें, आणि भोसल्यांचें तें राज्य १८५५ पर्यंत चाललें. जवळजवळ पावणेदोनशें वर्षें कावेरीकांठीं मराठी चूल पेटत होती. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या काळांतील ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ त्या मुदपाकखान्याची साक्ष देतो. तंजावरच्या पाककलेंत आढळणारें ‘पिटलै’ हें नांव मराठी ‘पिठल्या’वरूनच आलें असावें असें अनेकांचें मत आहे. पदार्थांत पीठ नाहीं, हा आक्षेप तितकासा टिकत नाहीं. कारण रस दाट करणारी भाजलेली डाळ हरभऱ्याचीच, आणि पिठल्याचें बेसनही हरभऱ्याचेंच. सांबाराचें नांव संभाजी महाराजांशीं जोडणारी कथा मात्र दंतकथाच समजावी. तिला समकालीन पुराव्याचा आधार नाहीं. पिटल्याची गोष्ट कमी रंगतदार आहे, पण अधिक विश्वसनीय आहे.

या गोष्टीचें महत्त्व केवळ जिभेपुरतें नाहीं. १९६६ नंतर मुंबईंत दाक्षिणात्य नोकरदारांविरुद्ध चळवळ उठली. आपले कोण आणि परके कोण, हा प्रश्न रस्त्यावर आला. नोकरीची टंचाई खरी होती, आणि भूमिपुत्रांची तक्रार उडवून लावण्यासारखी नव्हती. तथापि त्या प्रश्नास एक उत्तर चुलीजवळही होतें. मराठी सैनिकांबरोबर व दरबाऱ्यांबरोबर जी चव तीनशें वर्षांपूर्वीं दक्षिणेस गेली, ती तामिळ चिंच, खोबरें व धने यांचा संस्कार घेऊन कामगारांच्या डब्यांतून इंद्रायणी-पवनेच्या कांठीं परत आली. तिला परकी म्हणावें तर नांव आपलें आहे. आपली म्हणावी तर हात त्यांचा आहे. ज्या घरीं आज कारल्याचें पिटलै शिजतें, तेथें हा हिशेब कोणी मांडीत नाहीं. तेथें भात वाढला जातो, आणि ताटांत थोडें कडू हवेंच, हें दोन्हीं प्रांतांचें जुनें शहाणपण पाळलें जातें.