अठरा एल्क आणि एक होडी

आमच्या आजोळी, खानापूर तालुक्यातल्या रानाकडेच्या गावात, सांबर मारून आणले की आधी वाटे पडत. ही गोष्ट १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याच्या कितीतरी आधीची. बंदूक चालवणाऱ्याचा वाटा, हाका घालणाऱ्यांचे वाटे, आणि ज्याच्या बांधावर जनावर पडले त्याचाही वाटा. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. बंदूक मामांची, पण वाटे मामा कधीच करत नसत. ते काम गावातला एक म्हातारा करी. एकदा मी विचारले, "मामा, मारले तुम्ही, मग वाटे त्यांनी का करायचे?" मामा म्हणाले, "मारणाऱ्याने वाटे केले की भांडण लागते रे."

पुढे मी हायस्कुलात तीस वर्षे इतिहास शिकवला. मामांचे हे वाक्य कुठल्या धड्याला जोडावे ते मात्र कधी सुचले नाही. ते जोडले गेले फार दूर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर.

मुलगी पोर्टलंडला असते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो असताना चौदा वर्षांच्या नातवाबरोबर अस्टोरिया गावाजवळचा क्लॅट्सॉप किल्ला पाहायला गेलो. किल्ला म्हटल्यावर राजहंसगड किंवा पारगड डोळ्यांसमोर आणणाऱ्या माझ्यासारख्या माणसाची तिथे फजितीच होते. लाकडी ओंडक्यांच्या दोन बुटक्या रांगा, मध्ये अंगण, दोन्ही टोकांना दारे, झाला किल्ला! मूळचे बांधकाम तर केव्हाच कुजून गेले. १९५५ साली उभारलेली प्रतिकृती २००५ मध्ये जळाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली. पण १८०५-०६ च्या हिवाळ्यात याच जागी तेहतीस माणसे राहिली होती आणि ती जगली ती एल्कच्या मांसावर.

एल्क या शब्दाची एक गंमत आहे. युरोपात एल्क म्हणजे ज्याला अमेरिकन लोक मूस म्हणतात ते जनावर. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी तेच नाव एका वेगळ्याच मोठ्या हरणाला दिले. दक्षिण हिंदुस्थानात आणि सिलोनात आलेल्या इंग्रज शिकाऱ्यांनी तर आपल्या सांबरालाच एल्क करून टाकले. सॅम्युअल बेकरच्या सिलोनच्या शिकारकथांत जो एल्क येतो तो सांबरच. अमेरिकेतल्या एल्कचे देशी नाव वापिती. शॉनी लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ पांढऱ्या ढुंगणाचा. पूर्ण वाढलेला नर तीन-चारशे किलोपर्यंत भरतो, म्हणजे आपल्या सांबरापेक्षा चांगलाच थोराड.

मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क या दोन कप्तानांची तुकडी अध्यक्ष जेफरसन यांच्या आदेशावरून १८०४ च्या मे महिन्यात मिसुरी नदीने वर निघाली आणि दीड वर्षाने, १८०५ च्या नोव्हेंबरात, पॅसिफिक महासागराला पोहोचली. हिवाळा कुठे काढायचा हा प्रश्न होता. २४ नोव्हेंबरला प्रत्येकाचे मत विचारून ते लिहून ठेवले गेले. त्यात क्लार्कचा गुलाम यॉर्क आणि वाटेत बरोबर आलेली शोशोनी तरुणी सॅकाजविया यांचीही मते आहेत. कोलंबिया नदीच्या दक्षिण तीरावर एल्क पुष्कळ आहेत असे तिथल्या क्लॅट्सॉप लोकांनी सांगितले होते. मुक्काम दक्षिणेला पडला. म्हणजे एल्क कुठे आहेत हे कळले तेच मुळी स्थानिकांकडून. हा तपशील ध्यानात ठेवावा.

१३ डिसेंबर १८०५. क्लार्कच्या रोजनिशीत त्या दिवशी नोंद आहे की ड्रूयार आणि शॅनन शिकारीहून परतले आणि त्यांनी अठरा एल्क मारले. त्या हिवाळ्यातली ही मोठीच शिकार. दोन माणसांची नावे तिथे एका ओळीत आली आहेत. पण दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर.

जॉर्ज ड्रूयार तेव्हा बत्तिशीच्या आसपासचा. बाप फ्रेंच कॅनेडियन, आई शॉनी. वापिती हा शब्द ज्या भाषेतला, ती त्याच्या आईची भाषा. हातांच्या खुणांनी परक्या टोळ्यांशी बोलण्यात तो तरबेज होता. साध्या शिपायाला महिना पाच डॉलर मिळत, याला पंचवीस. पुढे जानेवारीत लुईसने लिहिले आहे की हा शिकारी नसता तर आमचे पोट कसे भरले असते कोण जाणे.

जॉर्ज शॅनन १७८५ सालचा, तुकडीतला सर्वांत लहान गडी. आदल्या वर्षीच्या ऑगस्टात तो घोडे शोधायला गेला आणि चुकला. आपण मागे पडलो अशा समजुतीने तो तुकडीच्या पुढे पुढे धावत राहिला. सोळा दिवस एकटा! भोवती शिकार उदंड, पण गोळ्या संपलेल्या. शेवटी बंदुकीत काटकी भरून त्याने एक ससा मारला. बाकीचे दिवस रानातल्या फळांवर काढले. असा हा पोरगा. वर्ष-सव्वा वर्षानंतर तोच पोरगा सर्वांत निष्णात शिकाऱ्याचा जोडीदार होऊन अठरा एल्कची बातमी घेऊन येतो. मधल्या काळात ड्रूयारने त्याला काय शिकवले याची ओळ कुठे नाही. रानातले शिक्षण कागदावर येत नाही. फळ तेवढे येते.

शिकार झाली खरी, पण जनावरे पडली होती नदीच्या वरच्या फाट्याजवळ, मुक्कामापासून सुमारे सहा मैलांवर. १५ तारखेला क्लार्क सोळा माणसे आणि तीन होड्या घेऊन मांस आणायला निघाला. मांसाचे फरे पाठीवर घेऊन दलदलीतून, दाट झाडीतून होडीपर्यंत यायचे. अंधार पडला, पाच जण वाट चुकले आणि पावसात, विस्तवाशिवाय, रात्रभर कुडकुडत राहिले. दुसऱ्या दिवशी वादळ. भोवती झाडे उन्मळून पडत होती. आमच्या गावात म्हणत, सांबर मारायला एक माणूस लागतो आणि आणायला दहा. इथे तर अठरा जनावरे होती.

एवढे करून ते मांस टिकलेही नाही. हवा दमट आणि उबदार. खाली अहोरात्र धूर करूनही मांस बिघडत असल्याच्या नोंदी आहेत. त्या वर्षीचा नाताळ त्यांनी नासके एल्क, नासके मासे आणि थोडी कंदमुळे यांवर साजरा केला. किल्ल्यातल्या एकशे सहा दिवसांपैकी पाऊस पडला नाही असे दिवस बारा. पॅट्रिक गॅस या साध्या सार्जंटाने शेवटी हिशेब मांडला: १३१ एल्क आणि २० हरणे मारली, ३३८ जोड पायताणे शिवली. कपडे एल्कच्या कातड्याचे. जानेवारीत मेणबत्त्या संपल्या तेव्हा एल्कची चरबी वितळवून नव्या केल्या. म्हणजे ज्या रोजनिशीतून हे सारे आपल्याला कळते, तिची कितीतरी पाने एल्कच्या चरबीच्या उजेडात लिहिली गेली असणार.

आता होडीची गोष्ट.

फेब्रुवारीत तुकडीच्या शिकाऱ्यांनी मारून रानात ठेवलेले काही एल्क क्लॅट्सॉप लोकांनी नेले. कप्तानांनी त्याला चोरी म्हटले. १२ फेब्रुवारीला एक क्लॅट्सॉप माणूस भरपाई म्हणून तीन कुत्री घेऊन आला. तुकडीतल्यांना कुत्र्याचे मांस चालत असे. ती कुत्री बुजून पळाली हा भाग वेगळा, पण माणूस भरपाई घेऊन दारात आला होता. मार्चमध्ये परतीसाठी होडी हवी होती. क्लॅट्सॉप मागतील ती किंमत द्यायला जवळ काही उरले नव्हते. तेव्हा लुईसने १७ मार्चला लिहिले की हिवाळ्यात चोरलेल्या सहा एल्कच्या बदल्यात आम्ही त्यांची एक होडी घेणार. दुसऱ्या दिवशी चार माणसे जाऊन होडी घेऊन आली. नेमका तेव्हाच क्लॅट्सॉपांचा प्रमुख कोबोवे किल्ल्यावर आला, म्हणून ती लपवून ठेवावी लागली. २२ मार्चला त्याच कोबोवेला किल्ल्याची घरे देऊन टाकताना लुईसने लिहिले की या भागातल्या कोणाहीपेक्षा हाच आमच्याशी अधिक प्रेमाने वागला. २३ मार्चला सारे निघाले. दुसऱ्याच दिवशी वाटेत एका माणसाने होडी ओळखली, ही माझी म्हणाला. त्याला एल्कचे एक कातडे देऊन प्रकरण मिटवले.

सहा एल्कची होडी, आणि होडीचे एक कातडे! मारणाराच वाटे करायला बसला की हिशेब असा होतो.

पुढे त्या मुलुखात फक्त तुकड्या आल्या नाहीत, वस्त्या आल्या. एल्कची कत्तल कातड्यासाठी झाली, सुळ्यांसाठी झाली. घड्याळाच्या साखळीला ते दोन सुळे लटकवण्याची तेव्हा हौस होती. पूर्वेकडचा एल्क एकोणिसाव्या शतकातच संपला. पश्चिम किनाऱ्याच्या जातीला १८९७ मध्ये थिओडोर रुझवेल्टचे नाव मिळाले आणि १९०९ मध्ये अध्यक्षपद सोडण्यापूर्वी त्याने याच एल्कसाठी ऑलिम्पिक पर्वताचा प्रदेश राखून ठेवला. आज जनावर सावरले आहे. क्लॅट्सॉप किल्ल्याच्या आसपास कळप दिसतात आणि परवाना काढून हंगामात शिकारही होते. माणसांचे मात्र तसे झाले नाही. साथींनी गावे ओस पडली. क्लॅट्सॉपांचे वंशज ज्यात मोडतात त्या चिनूक समाजाला २००१ मध्ये केंद्र सरकारने मान्यता दिली आणि २००२ मध्ये काढून घेतली.

आमची दोन जॉर्जेस? ड्रूयार १८१० मध्ये मिसुरीच्या उगमाकडे ब्लॅकफूट लोकांकडून मारला गेला. शॅननला १८०७ मध्ये एका चकमकीत गोळी लागून पाय गमवावा लागला. पण तो शिकला, वकील झाला. आणि निकोलस बिडल त्या रोजनिशांवरून मोहिमेचा इतिहास लिहीत होता तेव्हा शॅनन त्याच्या मदतीला बसला. १८१४ साली ते पुस्तक निघाले. रानात हरवलेल्या पोराने इतिहासाला वाट दाखवली.

हे सारे मी किल्ल्याच्या अंगणात बसून नातवाला आमच्या मराठीत सांगितले. त्याने अठरा एल्क डोळे मोठे करून ऐकले, होडीपाशी गप्प झाला. मग म्हणाला, "आजोबा, ते एल्क क्लॅट्सॉप लोकांच्याच रानातले होते ना? मग चोरी कुणी केली?"

तीस वर्षांत वर्गात मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी त्याला एवढेच सांगितले की २०११ साली क्लार्कच्या वंशजांनी चिनूक लोकांना तशीच एक होडी करवून परत दिली. दोनशे पाच वर्षांनी. तो म्हणाला, "उशीर झाला." मी म्हटले, "झाला. पण वाटे पुन्हा मोजले तरी."

परत येताना रस्त्याकडेच्या कुरणात एल्कचा कळप चरत होता. गाडी थांबवली. पांढरे पुठ्ठे संध्याकाळच्या उजेडात एकेक करून झाडीत दिसेनासे झाले. मला आजोळच्या अंगणातला तो म्हातारा आठवला. सगळ्यांचे वाटे झाले की स्वतःचा तो शेवटी घ्यायचा.